‘मेरी हरकत है’ म्हणालो आणि फोन कट झाला: हिंदीत अदबीने ‘नाही’ कसं म्हणायचं?



या आठवड्याचा व्हिडिओ हिंदी बोलण्यावर आहे हे बघून बरेच जण म्हणतील, सर, हिंदी येतं की आम्हाला. लहानपणापासून सिनेमे बघतोय. बरोबर आहे, मलाही येत होतं. त्याच येणाऱ्या हिंदीने माझे ९,६०० रुपये अडकवले आणि दीड वर्ष टिकलेला ग्राहक तोडला. व्हिडिओत हा किस्सा घाईत सांगितला होता, इथे नीट सांगतो. वही-पेन घेऊन बसा, कारण मधली वाक्यं तुम्हाला लिहून घ्यावीशी वाटतील.

मी तेव्हा सांगलीत हळद पावडरचं काम करायचो. इंदूरचे एक व्यापारी नियमित माल घ्यायचे. सत्तरीचा माणूस, शब्दाचा पक्का. एका खेपेला ४०० किलो माल गेला. १६० रुपये किलोने, जीएसटी बाजूला ठेवला तर बिल ६४,००० रुपये. खात्यात जमा झाले ५४,४००. म्हणजे ६० किलोचे पैसे कापलेले. ना फोन, ना निरोप. माझं डोकं फिरलं. लगेच फोन लावला आणि म्हणालो:

‘सेठजी, तुम्हारा व्यवहार बराबर नहीं है। तुमने पैसा काटा, उसको मेरी हरकत है।’

माझ्या मनातलं मराठी वाक्य साधं होतं. तुमचा हा व्यवहार बरोबर नाही, तुम्ही पैसे कापले त्याला माझी हरकत आहे. मराठीत हे थोडं कडक आहे, पण सभ्य आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी असं बोललं तर कोणाला काही वाटणार नाही. आता त्यांच्या कानावर काय पडलं ते बघा. ‘तुम्हारा’ म्हणजे नातवाच्या वयाचा मुलगा अरे-तुरेच्या वळणावर आला. हिंदीत ‘व्यवहार’ म्हणजे वागणूक. ‘बराबर’ म्हणजे सारखं, समान. आणि ‘हरकत’ म्हणजे चाळे, आगाऊपणा. थोडक्यात, ‘तुझी वागणूक धड नाही, आणि तू पैसे कापलेस हा माझा आगाऊपणा आहे.’

ते फक्त ‘ठीक है’ म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे तीन फोन उचलले नाहीत.

आमच्या मार्केट यार्डातले एक जुने अडते होते, त्यांचं उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षांचं येणं-जाणं. त्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, ‘अरे, पैशासाठी भांडला असतास तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. तू त्यांची इज्जत काढलीस.’ त्यानंतर त्यांनी मला जे शिकवलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतोय. व्याकरणाचा तास नाही हा. धंद्यात आपल्याला नाही म्हणावंच लागतं. भाव परवडत नाही, माल खराब निघाला, बिल चुकलं, पैसे कमी आले. ते नाही समोरच्याला पूर्ण कळलं पाहिजे आणि त्याचा अपमानही होता कामा नये, एवढंच काम आहे.

ओळखीचे चेहरे, वेगळी माणसं

मराठी आणि हिंदीत हजारो शब्द सारखे आहेत, आणि गंमत म्हणजे तेच आपल्याला दगा देतात. परक्या भाषेतला शब्द आला नाही की आपण थांबतो, विचारतो. ओळखीचा शब्द असला की बिनधास्त वापरतो. मतभेदाच्या बोलण्यात तर असे शब्द खच्चून भरलेत.

आपण ज्याला हरकत म्हणतो, त्याला औपचारिक हिंदीत ‘आपत्ति’ म्हणतात. मराठीत आपत्ती म्हणजे महापूर, भूकंप. त्यामुळे समोरून पत्र आलं की ‘हमें आपकी दर पर आपत्ति है’, तर घाबरू नका. त्यांना तुमच्या दराबद्दल हरकत आहे, एवढंच. तोंडी बोलताना ‘ऐतराज़’ही चालतो. पण ‘हरकत’ नको. ‘आपकी कोई हरकत तो नहीं?’ असं मी एका मीटिंगमध्ये विचारलेलं ऐकलंय, अगदी नम्रपणे हात जोडून. समोरचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. (‘कोई हर्ज नहीं’ मात्र शुद्ध हिंदी आहे. बहुतेक तिथेच आपला घोळ होतो.)

आपली तक्रार म्हणजे त्यांची ‘शिकायत’. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण, हुज्जत. ‘मुझे आपसे तकरार करनी है’ असं म्हणालात तर तुम्ही बाह्या सरसावून आलात असं वाटेल.

आपला व्यवहार म्हणजे त्यांचा ‘लेन-देन’ किंवा ‘सौदा’. हा शब्द माझ्या जिव्हारी लागलेला आहे, म्हणून पुन्हा सांगतो. ‘आपका व्यवहार अच्छा है’ ही स्तुती आहे, पण ती स्वभावाची.

‘खुलासा’ आपल्याकडे कचेरीतला रोजचा शब्द. कृपया खुलासा करावा. हिंदीत खुलासा होतो तो घोटाळ्याचा, बातम्यांमध्ये. आपल्याला हवा असतो तो अर्थ ‘कृपया स्पष्ट कर दें’ यात आहे. ‘समाधान’ म्हणजे आपल्याकडे तृप्ती, त्यांच्याकडे तोडगा. ‘इसका कोई समाधान निकालते हैं’ हे वाक्य पाठच करा, वाद अडकला की फार कामाला येतं. ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. ‘बिल में संशोधन कर दीजिए’ म्हणजे बिल दुरुस्त करून द्या, बिलावर पीएचडी करा असं नाही. आणि ‘राज़ीनामा’ म्हणजे चक्क तडजोड! समोरचा म्हणाला की ‘चलिए, राज़ीनामा कर लेते हैं’, तर तो नोकरी सोडत नाहीये, मिटवायला तयार आहे. अशा वेळी गप्प बसू नका.

तुम, आप आणि क्रियापद

मराठीत ‘तुम्ही’ म्हणजे मान. कानाला त्याच्या सगळ्यात जवळचा हिंदी शब्द ‘तुम’. तिथेच आपण फसतो. ‘तुम’ हा मित्राला, धाकट्याला, हाताखालच्या माणसाला. मान द्यायचा तर ‘आप’, आणि धंद्यात सगळ्यांना ‘आप’. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पोऱ्यालाही. त्याने कुणाचं नुकसान होत नाही.

नुसतं ‘आप’ म्हणूनही भागत नाही, क्रियापद त्याच्या जोडीला हवं. ‘आप भेजो’ असं दिल्लीकडचे लोकही बोलतात, म्हणून बोलताना खपून जातं, पण लिहिताना नाही. लिहिताना ‘भेजिए’, ‘भेज दीजिए’, आणि सगळ्यात मऊ ‘भेज दीजिएगा’. हा शेवटचा ‘गा’ फार गुणी आहे. तो आला की हुकूम राहत नाही, सवडीने करा असा सूर येतो. त्याच कारणाने वसुलीच्या चौथ्या फोनला तो वापरू नका. तिथे ‘आज शाम तक भेज दीजिए’ म्हणायचं.

‘मैं बोला था’, ‘मेरे को’, ‘तुमको देना पड़ेगा’ ही आपली मुंबई-नागपुरी हिंदी. चहाच्या टपरीवर गोड वाटते. मतभेद झाला की मात्र ती दादागिरीसारखी ऐकू येते. ‘मैंने कहा था’ किंवा त्याहून बरं ‘मैंने निवेदन किया था’. ‘मेरे को’च्या जागी ‘मुझे’. आणि ‘आपको देना पड़ेगा’च्या जागी ‘भुगतान इस हफ़्ते हो जाए तो अच्छा रहेगा’.

लिंगाच्या चुकांची फार चिंता करू नका. आपला ‘दर’ पुल्लिंगी, त्यांची ‘दर’ स्त्रीलिंगी. तुम्ही ‘आपका दर’ म्हणालात तर ते समजून घेतात, मराठी माणूस आहे म्हणून हसून सोडतात. ‘तुम’ला मात्र असं कोणी हसून सोडत नाही. ताईंनी तेवढं लक्षात ठेवा, स्वतःबद्दल बोलताना ‘मैं चाहूँगी’, ‘मैं भेज दूँगी’. कंपनीच्या वतीने बोलत असाल तर ‘हम भेज देंगे’, मग प्रश्नच नाही.

माणसावरून बोट काढा, कागदावर ठेवा

अडत्यांनी मला शिकवलेल्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही. हिंदीत चूक दाखवताना कर्ता गायब करतात. कोणी केलं ते बोलायचंच नाही, काय झालंय तेवढं बोलायचं. भाषेतच त्याची सोय आहे: रह गया, छूट गया, हो गया, आ रहा है, दिख रहा है.

समजा सप्लायरने बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकला नाही. आपण म्हणतो, ‘आपने हमारा जीएसटी नंबर नहीं डाला।’ खरं आहे, पण आरोप आहे. त्याऐवजी, ‘बिल पर हमारा जीएसटी नंबर छूट गया है, नया बिल भिजवा दीजिएगा।’ काम तेच होणार. फक्त समोरच्या माणसाला आपल्या अकाउंटंटचा बचाव करायला उभं राहावं लागत नाही.

‘आपने ख़राब माल भेजा’ असं म्हणण्यापेक्षा ‘बारह में से तीन बोरियों में नमी मिली है’ म्हणा. दुसरं वाक्य जास्त मऊ आहे, आणि जास्त पक्कंही. खराब म्हणजे किती, कुठे, हे पहिल्यात नाहीच. आकडा आला की वाद घालायला जागा कमी उरते. ‘आप ग़लत हिसाब लगा रहे हैं’ याच्या जागी ‘हमारे हिसाब में और आपके हिसाब में नौ हज़ार छह सौ का अंतर आ रहा है, एक बार मिला लें?’ शेवटचं ‘मिला लें?’ बघा. तुम्ही आणि ते एकाच बाजूला बसून कागद बघताय असा भाव त्यात आहे.

‘ग़लती’ आणि ‘चूक’ यांतही फरक आहे. हिंदीत ‘चूक’ हलकी, नजरचुकीने राहिलेली. ‘शायद कहीं चूक हो गई है’ म्हणालात की समोरच्याला मागे यायला वाट मिळते. आपल्या मराठीत चूक ती चूक, म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

आता थेट मतभेदाची वाक्यं. ‘मैं आपसे सहमत नहीं हूँ’ हे व्याकरणाने शंभर टक्के बरोबर, पण समोरासमोर धाडकन दार लावल्यासारखं. व्यापारी लोक म्हणतात, ‘आपकी बात अपनी जगह सही है, पर हमारी तरफ़ से देखें तो…’ आणि मग आपलं म्हणणं. किंवा ‘इसमें मेरी राय थोड़ी अलग है’. किंवा जरा ठाम, ‘क्षमा कीजिएगा, इस बात पर मैं सहमत नहीं हो पा रहा हूँ’. ‘नहीं हूँ’ आणि ‘नहीं हो पा रहा हूँ’ यात बघा, दुसऱ्यात प्रयत्न करून पाहिल्यासारखं वाटतं. तोच खेळ ‘नहीं करेंगे’ आणि ‘नहीं हो पाएगा’ यांत. पहिल्यात इच्छा नाही, दुसऱ्यात शक्य नाही. आपल्या ‘जमणार नाही’चा हा खरा भाऊ. ‘नहीं जमेगा’ मात्र आपल्याकडचं टपरी हिंदी, ते पत्रात नको.

‘बुरा मत मानिए’ने वाक्य सुरू करायची सवय असेल तर सोडा, असं माझं मत. ते ऐकलं की समोरचा वाईट वाटून घ्यायच्या तयारीलाच लागतो.

भावाचं काय? ‘परवडता नहीं’ हे आपण सर्रास म्हणतो, तो शब्द हिंदीत नाही. हिंदी व्यापाऱ्यांचा स्वतःचा शब्द आहे ‘पड़ता’. पदरात पडणारी किंमत. ‘सेठजी, इस भाव में पड़ता नहीं खा रहा।’ हे वाक्य ऐकल्यावर समोरचा तुम्हाला नवखा समजत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. त्याला जोडून लगेच आकडा द्या. ‘एक सौ बावन तक हो पाएगा, उससे नीचे नहीं।’ मशीनवाला शंभर टक्के ॲडव्हान्स मागतोय? ‘पूरा अग्रिम देना हमारे लिए संभव नहीं हो पाएगा। तीस प्रतिशत अभी, बाक़ी माल निकलने से पहले। इस पर विचार कर लें तो बात आगे बढ़ाते हैं।’ यात कुठे उद्धटपणा आहे? पण तीस म्हणजे तीस.

आकड्यांबाबत एक सांगतो. हिंदीत ७९ म्हणजे ‘उन्यासी’, ८९ म्हणजे ‘नवासी’. फोनवर हे दोन कोणालाही गोंधळात टाकतात. भाव फोनवर ठरला तरी आकडा व्हॉट्सॲपवर अंकात पाठवा आणि खाली लिहा, ‘जैसा फ़ोन पर तय हुआ’.

अदब इतकी की ‘नाही’च हरवलं

आता उलटी बाजू. वरचं सगळं शिकल्यावर काही जण इतके गोड होतात की नकार ऐकूच येत नाही. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण, त्यांच्या परवानगीने, नाव न घेता. जळगावला केळी वेफर्सचा छोटा उद्योग. दिवाळीच्या तोंडावर भोपाळच्या दुकानदाराचा फोन, आठ दिवसांत तीनशे बॉक्स हवेत. यांची ताकद एकशे ऐंशीची. नाही कसं म्हणायचं म्हणून म्हणाल्या, ‘जी, देखते हैं, कोशिश करेंगे।’ त्यांच्या मते त्यांनी नकार दिला होता. दुकानदाराच्या मते होकार मिळाला होता, कारण वाक्यात ‘नहीं’ कुठे होतं? एकशे ऐंशी बॉक्स पोचले. उरलेले एकशे वीस त्याने ऐनवेळी दुसरीकडून चढ्या भावाने उचलले आणि पुढच्या ऑर्डरी त्या दुसऱ्यालाच दिल्या. ताई मला म्हणाल्या, ‘सर, मी तर एक शब्द वाकडा बोलले नाही.’ नव्हत्याच बोलल्या.

आम्ही मग ते वाक्य एकत्र बसून पुन्हा लिहिलं:

‘भाई साहब, तीन सौ डिब्बे आठ दिन में नहीं हो पाएँगे। एक सौ अस्सी मैं शुक्रवार तक पक्के भेज दूँगी। बाक़ी एक सौ बीस में छह दिन और लगेंगे। आप कहें तो इसी हिसाब से तैयारी करूँ?’

पहिल्याच वाक्यात ‘नहीं’ आलं. पण ते ‘पाएँगे’ला टेकून आलं, आणि पाठोपाठ काय होईल तेही आलं. भोपाळचा माणूस यावर चिडला नसता. चिडला असता तरी निदान आठ दिवस आधी चिडला असता!

हेच त्यांच्याकडून ऐकतानाही लक्षात ठेवा. त्यांचं ‘जी’ म्हणजे दर वेळी हो नसतं, बऱ्याचदा ते फक्त ‘ऐकतोय’ असतं. ‘देखते हैं’, ‘बताते हैं’, ‘विचार करेंगे’ ही बहुतेक वेळा त्यांची सभ्य नकाराची रीत. आपला नवा उद्योजक हे ऐकून कच्चा माल भरून ठेवतो. भरण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘तो मैं फ़िलहाल इसे पक्का न मानूँ?’ उत्तरात ‘अरे नहीं नहीं, पक्का मानिए’ आलं तर ठीक. ‘हाँ, अभी रुकिए’ आलं तर गोदामातली जागा वाचली.

लिहून दिलेली हरकत

तोंडी कितीही छान बोललात तरी पैशाचा मतभेद कागदावर आला पाहिजे, आणि त्याला फक्त शिष्टाचार हे कारण नाही. २००६ चा एमएसएमई विकास कायदा काय म्हणतो बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला आणि खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. पैसे देण्याची मुदत तिथून मोजायची. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, करार असेल तर ठरलेली तारीख, पण कुठल्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी. आणि हो, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांचीही उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पैशांचं हे संरक्षण त्यांना नाही. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर आपल्या सीएंना विचारूनच पुढे जा.

आपल्या आजच्या विषयाला यातलं काय लागू? एक, तुम्ही माल विकणारे असाल आणि समोरचा फोनवर कुरकुर करत असेल, तर नम्रपणे म्हणा, ‘आपको माल पर कोई आपत्ति हो तो कृपया लिखित में भिजवा दीजिए, हम तुरंत देख लेंगे।’ दोन, तुम्ही माल घेणारे असाल तर भिडेपोटी पंधरा दिवस घालवू नका. व्याजाची गोष्ट पहिल्या पत्रात काढायची नाही. तिसऱ्या पत्रात काढायची, आणि तीही ‘आपका ध्यान इस ओर दिलाना चाहेंगे कि…’ अशी सुरुवात करून.

रेल्वेच्या किंवा केंद्र सरकारच्या इतर कार्यालयांना माल देणाऱ्यांसाठी जाता जाता: राजभाषा नियम १९७६ प्रमाणे तुम्ही हिंदीत पत्र लिहिलंत तर त्यांना उत्तर हिंदीतच द्यावं लागतं. म्हणजे मग ‘अवगत कराया जाता है’, ‘खेद है कि’, ‘पुनर्विचार’, ‘यथाशीघ्र’ अशी भाषा येणार. ती समजून घ्या, पण तिची नक्कल करू नका. साधी, स्वच्छ हिंदी तिथेही चालते.

इंदूरला गेलेलं पत्र

अडत्यांनी स्वतः सेठजींना फोन करून कारण विचारलं. तीस-तीस किलोच्या दोन गोण्यांचा रंग फिका निघाला होता, म्हणून साठ किलोचे पैसे कापले होते. मग त्यांनी मला शेजारी बसवून हे पत्र लिहून घेतलं. माझ्याकडे कॉपी अजून आहे.

‘आदरणीय सेठजी, सादर नमस्कार।

उस दिन फ़ोन पर मेरे शब्द ठीक नहीं थे, उसके लिए क्षमा चाहता हूँ।

आपका ५४,४०० रुपये का भुगतान मिल गया, धन्यवाद। हमारे बिल की राशि ६४,००० रुपये थी, इसलिए ९,६०० रुपये का अंतर आ रहा है। मालूम हुआ कि दो बोरियों का रंग हल्का था। माल पहुँचने के बाद हमें इसकी कोई लिखित सूचना नहीं मिली, इसलिए इस कटौती से हम सहमत नहीं हो पा रहे हैं।

यदि उन बोरियों का नमूना रखा हो तो कृपया भिजवा दें। कमी हमारी निकली तो यह राशि हम छोड़ देंगे। अन्यथा निवेदन है कि शेष राशि इस महीने के अंत तक भिजवाने की कृपा करें।

भवदीय’

मी आधी माफीचं वाक्य पैशांच्या परिच्छेदात घातलं होतं. अडत्यांनी ते खोडून वर वेगळ्या ओळीत लिहायला लावलं. म्हणाले, ‘माफी शब्दांची माग, रकमेची नको. दोन्ही एकत्र लिहिलंस तर त्यांना वाटेल की तू पैसे सोडलेस.’ आणि ‘सहमत नहीं हो पा रहे हैं’ हे वाक्य काढून टाकू का, असं मी विचारलं, कारण मला ते कडक वाटत होतं. त्यावर ते म्हणाले, ‘ते काढलंस तर पत्र कशाला पाठवतोयस?’

दहा दिवसांनी नमुने आले. एक गोणी आमच्याच जुन्या लॉटची निघाली, माझ्याच माणसाने चुकून भरलेली. दुसरी नीट होती. मी तसं कळवलं. ४,८०० सोडले, ४,८०० आले. पैशांबरोबर सेठजींचं एक ओळीचं पत्र होतं, ‘आपका पत्र पढ़कर अच्छा लगा।’ ऑर्डर मात्र लगेच सुरू झाली नाही. पुढच्या हंगामात दोनशे किलोची आली, पूर्वीच्या निम्मी.

आता तुमचा गृहपाठ. खालची तीन वाक्यं आपल्याच लोकांच्या तोंडची आहेत. ती अदबीच्या हिंदीत लिहा, पण आकडा आणि नकार जागचा हलता कामा नये.

‘तुम बोला था ट्रान्सपोर्ट तुम्हारा, अब बिल में बारह सौ काय को लगाया?’

‘मेरे को ये डिज़ाइन पसंद नहीं, दूसरा बना के दो, पैसा नहीं देगा उसका।’

‘दो महीना हो गया, व्यवहार पूरा करो, नहीं तो मेरी तकरार है।’

तिसऱ्यात दोन शब्द पेरून ठेवलेत, ते आधी पकडा. उत्तरं पुढच्या व्हिडिओत फळ्यावर सोडवू. भेटू या!